भाकरी उतरायला मीठ लागतं, की कोरड्यास?

मीठ, रक्तदाब आणि हृदय या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं अशा घरांतली आहेत, जिथे किराणा मोजून येतो आणि बीपीचं यंत्र घरात नसतं. उत्तरंही त्याच घरांना धरून दिली आहेत. खाली जिथे 'चमचा' म्हटलंय तिथे घरातला पोह्यांचा चमचा धरू नका. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो ५ मिलीचा चमचा किंवा झाकण धरा. त्यात सपाट भरलेलं बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चमचाही पुरता भरायचा नाही. पोटॅशियम बीपीवर मिठाच्या उलट काम करतं, ते मात्र दिवसाला निदान ३,५०० मिलिग्रॅम पोटात जायला हवं.

प्रश्न : मी आशा म्हणून काम करते. आमच्या वस्तीवर दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, सोबत ठेचा नाहीतर लोणचं आणि पातळ आमटी. तपासणीत चाळिशीतल्या बायकांचंही बीपी १५०-१६० निघतं. 'मीठ कमी करा' म्हटलं की त्या विचारतात, 'ताई, मग भाकरी उतरायची कशी?' माझ्याकडे उत्तर नसतं. — आशा कार्यकर्ती, धारूर, जि. बीड

ताई, त्या बायका बरोबर बोलतात. ताटात कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबतची डाळ-भाजी, नसलं की त्याचं काम मिठाला करावं लागतं. म्हणून नुसतं 'मीठ कमी करा' म्हणणं म्हणजे आहे तेवढंही तोंडी लावणं काढून घेणं. आधी कोरड्यास वाढवायचं, मग मीठ कमी करायचं. क्रम उलटा झाला की सल्ला टिकत नाही.

आधी मीठ कुठून येतं ते पाहू. तुमच्याकडे भाकरीच्या पिठात बहुतेक घरी मीठ घालत नाहीत, ही चांगली सवय आहे, ती मोडू देऊ नका. ठेच्यात १०० ग्रॅम मिरच्यांना दीड चमचा मीठ पडलं, तर लिंबाएवढ्या गोळीत (साधारण २० ग्रॅम) जवळपास दीड ग्रॅम मीठ असतं. दोन वेळचे झाले तीन ग्रॅम. लोणच्यात वजनाच्या दहा ते पंधरा टक्के मीठच असतं. खारासकट एक फोड घेतली की एक-दीड ग्रॅम गेलं. राहिली पातळ आमटी, आणि खरी मेख तिथेच आहे. डाळ कमी म्हणून पाणी वाढवतात, आणि मीठ डाळीच्या नाही तर पाण्याच्या मापाने पडतं. पाच माणसांसाठी ७५ ग्रॅम डाळीत दीड लिटर पाणी घातलं की चव लागायला दोन चमचे मीठ लागतं. माणशी जवळपास अडीच ग्रॅम झालं, आणि डाळ प्रत्येकाच्या वाट्याला १५ ग्रॅम. गरिबाच्या ताटात मीठ जास्त आणि पोटॅशियम कमी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, त्या अशा.

तीच आमटी घट्ट करून पाहा. पाच माणसांना १५० ग्रॅम डाळ, ६०० मिली पाणी, एक सपाट चमचा मीठ. माणशी मीठ १.२ ग्रॅमवर आलं आणि पोटॅशियम दुप्पट झालं. दोन्ही वेळा १५० ग्रॅम डाळ परवडत नसेल तर एक वेळ घट्ट वरण किंवा हुलग्याचं माडगं करावं आणि दुसऱ्या वेळी पालेभाजी. दोन वेळा पातळ करण्यापेक्षा हे बरं.

पोटॅशियम कशात किती, ते वस्तीवर सांगायला सोपं जावं म्हणून १०० ग्रॅम कच्च्या मालामागे मिलिग्रॅममध्ये देतो. रेशनचा पांढरा तांदूळ सुमारे १००. ज्वारी, बाजरी, गहू ३०० ते ३७०. डाळी आणि कडधान्यं ७५० ते १,४००. शेंगदाणे ७०० च्या आसपास. तांदुळजा आणि पालक ५०० ते ६००. शेवग्याचा पाला ४०० च्या आसपास. घोळीची भाजी जवळपास तांदुळज्याच्या बरोबरीची, आणि ती बांधावर फुकट उगवते. रेशनवरचा तांदूळ वाढला आणि ज्वारी मागे पडली तेव्हा पोट भरलं, पण या हिशोबात तिपटीने घट झाली. ज्या घरात अजून ज्वारी होते त्या घराला हे आवर्जून सांगा.

ठेचा बंद करू नका, बदला. १०० ग्रॅम मिरच्या थोड्या तेलावर भाजा, ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, आठ-दहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा मीठ, आणि वाटून झाल्यावर अर्धं लिंबू पिळा. लिंबाची आंबट चव आणि भाजल्या लसणाचा वास यामुळे मीठ कमी पडल्याचं जिभेला पटकन कळत नाही. आता लिंबाएवढ्या गोळीत मीठ अर्ध्या ग्रॅमच्याही आत येतं. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवा : मीठ कमी आणि लिंबाचा ओलावा, त्यामुळे हा ठेचा आठवडाभर टिकत नाही. दोन दिवसांपुरताच करायचा. नाहीतर बाई एकदा करेल, तो आंबेल आणि ती पुन्हा जुन्या मापावर जाईल.

हे सगळं हृदयापर्यंत कसं पोचतं, तेही विचारतील. मीठ जास्त झालं की ते पातळ ठेवायला शरीर पाणी धरून ठेवतं. नळीत पाणी वाढलं की दाब वाढतो. हृदयाला रोज त्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं, त्याची भिंत जाड आणि ताठर होते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिजतात आणि एक दिवस अंगावरून वारं जातं. पोटॅशियम नेमकं उलट काम करतं. ते पुरेसं असलं की मूत्रपिंड मिठातलं सोडियम परत ओढून न घेता लघवीवाटे सोडून देतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात. म्हणून दोन्ही आकडे सोबत पाहायचे.

कोणी म्हणालं की बीपी हा शहरातल्या खात्यापित्या माणसांचा आजार, तर गडचिरोलीचं उदाहरण द्या. २०११ ते २०१३ या काळात तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली गेली. सर्वांत वरचं कारण निघालं पक्षाघात. साधारण सात मृत्यूंमागे एक, आणि त्यातले बहुतेक घरीच गेलेले.

प्रश्न : आमच्या बचत गटात सगळ्या म्हणतात, 'आम्ही मीठ कमीच खातो.' खरं किती खातो हे घरच्या घरी कळेल का? — सांगोला, जि. सोलापूर

कळेल, आणि तपासणीचा खर्चही नाही. मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. १,००० ला (माणसं × दिवस) ने भागा. पाच माणसांत पिशवी २० दिवसांत संपली तर १,००० ÷ १०० = १० ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. ४० दिवस पुरली तर माणशी ५ ग्रॅम.

हिशोब चुकतो तो तीन ठिकाणी. वर्षाचं लोणचं, कुरडया, सांडगे त्याच पिशवीतल्या मिठाने केले असतील तर ते मीठ वर्षभरात वाटून धरायला हवं. त्यासाठी वेगळी पिशवी फोडावी हे बरं. गुरांना दिलेलं मीठ बाजूला काढा. आणि लहान पोर, विशेषतः पाच वर्षांच्या आतलं, अर्धं माणूस धरा. विकतचे पापड, फरसाण, बिस्किटं या पिशवीत येत नाहीत. ती रोजची असतील तर घरचं मीठ माणशी साडेतीन ग्रॅमच्या आसपास राहिलं पाहिजे, म्हणजे पाच माणसांना किलोची पिशवी ५५ ते ६० दिवस.

देशपातळीवर २०१७-१८ मध्ये झालेल्या पाहणीत भारतीय प्रौढाचं सरासरी मीठ दिवसाला ८ ग्रॅम निघालं. तुमच्या गटाचा आकडा त्याच्या आसपास आला तर कोणी खोटं बोलत होतं असं समजू नका. मीठ चिमटीने पडतं, आणि चिमूट कोणाच्याच लक्षात राहत नाही.

कमी करताना एकदम निम्मं करू नका. मिठाच्या बरणीत ५ मिलीचा चमचा कायमचा ठेवा, चिमूट बंद करा, आणि दर आठवड्याला दहावा भाग कमी करा. जीभ तीन-चार आठवड्यांत कमी मिठाला सरावते. आधी मीठ घालून मग चाखण्यापेक्षा आधी चाखावं आणि पानात वरून मीठ वाढणं थांबवावं. घरात एकाला बीपी म्हणून त्याची भाजी वेगळी काढण्याची पद्धत महिनाभरही चालत नाही. पातेलं सगळ्यांचं एकच ठेवा.

प्रश्न : बीपीला सैंधव चालतं असं ऐकून आम्ही सगळा स्वयंपाक सैंधवात करतो. बरोबर आहे ना? — हडपसर, पुणे

नाही. सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ, आणि त्यात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के तेच सोडियम क्लोराइड असतं. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. ५ ग्रॅम सैंधवात पोटॅशियम पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास, तर एका केळ्यात तीनशेच्या वर. शिवाय सुट्या सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. डोंगराळ आणि आतल्या भागात गलगंडाचा त्रास पिढ्यान्‌पिढ्या होता, तो आयोडीनयुक्त मिठाने कमी झाला. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर नुसत्या सैंधवावर राहू नका. उपवासापुरतं ठीक आहे. पादेलोण म्हणजेच काळं मीठ, त्यालाही हेच लागू.

जाता जाता : खायचा सोडा, पापडखार आणि पित्तावरची फसफसणारी पुडी यांतही सोडियम भरपूर असतं. ५ ग्रॅमच्या एका पुडीत साधारण ८५० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅम मिठाइतकं. चवीला खारट नाही म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रश्न : दुकानात 'कमी सोडियम'चं मीठ मिळतं, पण किंमत दुप्पट. वडिलांना बीपी आहे. घ्यावं का? — वर्धा

हे मीठ खरोखर उपयोगी पडतं, पण दोन गोष्टी तपासूनच घ्या : पिशवीवरचे आकडे आणि वडिलांचं मूत्रपिंड.

या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. म्हणजे मीठ कमी आणि पोटॅशियम जास्त ही दोन्ही कामं एका चिमटीत होतात. उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं गेलं. तिथल्या २०,९९५ माणसांत आधी पक्षाघात झालेले, किंवा साठीच्या पुढचे आणि बीपी असलेले लोक होते. निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ दिलं, बाकीच्यांनी नेहमीचं खाल्लं. सरासरी पावणेपाच वर्षांनी पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारी, तेलंगणातल्या सिद्दीपेट जिल्ह्यातल्या सात गावांत बीपीच्या पाचशे रुग्णांवर असाच प्रयोग झाला. तीन महिन्यांत वरचं बीपी सरासरी साडेचार अंकांनी उतरलं. सगळे प्रयोग खेड्यांतच का, असं वाटेल. कारण तिथे मीठ पाकिटातून न येता घरच्या पातेल्यात पडतं, त्यामुळे बरणीतलं मीठ बदललं की जवळपास सगळंच बदलतं. आपल्या गावांचंही तेच आहे.

आता पिशवी उलटी करा. साध्या मिठाच्या १०० ग्रॅममध्ये सोडियम ३८,००० ते ३९,००० मिलिग्रॅम असतं. चीनमधल्या प्रमाणाचं मीठ असेल तर सोडियम २९,५०० च्या आसपास आणि पोटॅशियम १३,००० च्या आसपास दिसेल. काही पिशव्यांवर मोठ्या अक्षरांत 'कमी सोडियम' असतं आणि आत सोडियम दहा-पंधरा टक्केच कमी. त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा ते डाळीवर घाला. आयोडीनयुक्त आहे ना, तेही बघा. पोटॅशियम क्लोराइड तीस टक्क्यांच्या वर गेलं की जिभेला कडवट लागू लागतं. आणि सर्वांत नेहमीची चूक म्हणजे 'हे मीठ चांगलं आहे' म्हणून हात सैल सोडणं. माप तेच ठेवायचं.

कोणी घेऊ नये, हे नीट वाचा. मूत्रपिंडाचा आजार असलेले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलेलं असलेले, जुना मधुमेह असून मूत्रपिंडाची तपासणी कधीच न झालेले, स्पायरोनोलॅक्टोनची गोळी घेणारे आणि पोटॅशियमचं औषध चालू असलेले, यांच्यासाठी हे मीठ नाही. शरीरात पोटॅशियम साठत जातं आणि फारशी कुठलीच खूण न दाखवता हृदयाचे ठोके बिघडवतं. बीपीच्या गोळ्यांत टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांच्यामुळेही पोटॅशियम थोडं वर राहतं. या गोळ्या चालू असतील तर आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या दोन तपासण्या करून डॉक्टरांना विचारा. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली, ती प्रौढांसाठी आणि घरच्या स्वयंपाकासाठी. गरोदर बायका, मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण तिच्यातून वगळले आहेत. एका पातेल्यातून सगळं घर जेवतं, म्हणून फक्त वडिलांचा विचार करून भागणार नाही. घरात यांपैकी कोणी असेल तर साधंच मीठ मोजून वापरा.

प्रश्न : आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. घाम गाळणाऱ्याला मीठ जास्तच लागतं, असं मुकादम सांगतात. नवऱ्याला बीपी आहे. मग काय करायचं? — पाटोदा, जि. बीड

मुकादमांचं म्हणणं निम्मं खरं आहे. एक लिटर घामातून साधारण एक ते तीन ग्रॅम मीठ जातं, माणसामाणसांत फरक असतो. उन्हात आठवडा-दोन आठवडे काम झालं की शरीर घामातलं मीठ राखायला शिकतं. म्हणून हंगामाचे पहिले दिवस आणि फेब्रुवारीनंतरची ऊन चढण्याची वेळ, या दोन टप्प्यांवर जास्त जपायचं. डिसेंबरच्या थंडीत पहाटे तोडणी चालते तेव्हा वेगळ्या मिठाची गरज नसते.

ऊन असेल त्या दिवशी मीठ जेवणात वाढवू नका, पाण्यातून घ्या. एक लिटर पातळ ताकात किंवा भाताच्या पेजेत पाव चमचा मीठ. ताकात पोटॅशियमही थोडं असतं. घाम नसलेल्या दिवशी हे पेय बंद. पायात गोळे, चक्कर, उलटी असं झालं तर सावलीत नेऊन जलसंजीवनीची पुडी अख्खी एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट द्या. अर्ध्या लिटरमध्ये अख्खी किंवा एक लिटरमध्ये अर्धी, असं नको. प्रमाण बिघडलं की काम होत नाही. माणूस बरळायला लागला किंवा अंग तापून कोरडं पडलं तर वाट न पाहता दवाखाना.

नवऱ्याच्या गोळ्यांची नावं बघा. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर ती लघवीवाटे मीठ आणि पोटॅशियम दोन्ही बाहेर टाकते. उन्हाच्या कामात उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्या. मनाने बंद करू नका. सहा महिने गावाबाहेर राहायचं तर गोळ्या पुरतील एवढ्या सोबत घ्या, बीपीचं कार्डही.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण त्यांची काळजी वाटते. अंगदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली जाते. या गोळ्या शरीरात मीठ धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात आणि पाणी कमी प्यालेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल बरी. दुसरं तुमच्यासाठी : फडात आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. याचा मार मूत्रपिंडावरच पडतो. टोळीत चार बायका मिळून कापडाचा आडोसा करणं हेही औषधच आहे.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे सुकी मासळी रोजची. ती बंद करायची का? — वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग

सगळी सुकी मासळी एका तागडीत तोलू नका. वलांडीवर टांगून वाळवलेला बोंबील आणि उन्हात पसरून सुकवलेला जवळा यांना सहसा मीठ लावत नाहीत. त्यांचा खारटपणा समुद्राचा, तेवढाच. खारा बांगडा आणि खारवलेली सुरमई मात्र मिठातच मुरवतात. बोंबील, जवळा चालू ठेवा. स्वस्तातलं चांगलं प्रथिन आहे.

खारा बांगडा करायचा तर आधी वरचं दिसणारं मीठ झटकून धुवा, तुकडे करा, भरपूर साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी ओता, पुन्हा अर्धा तास. तुकडा अख्ख्यापेक्षा लवकर मीठ सोडतो. मग कालवणात वेगळं मीठ अजिबात नको. भिजवलेलं पाणी चवीसाठी रश्श्यात घालतात, तिथे सगळी मेहनत वाया जाते. सोबत नुसता उकडा भात न घेता कुळथाची पिठी, अळूचं फदफदं किंवा शेवग्याचा पाला घ्या. गोव्यातून खारं, म्हणजे खारवलेली मासळी, आणणाऱ्या घरांनाही हीच रीत लागू.

प्रश्न : दोघंही कामाला जातो, खोलीत एकच शेगडी. दुपारी वडापाव, रात्री मुलांना पाकिटातल्या शेवया. दुसरं काय परवडेल? — गोवंडी, मुंबई

वडा सोडा, नुसत्या एका पावातच अर्धा ग्रॅम मीठ असतं, वर वडा आणि दोन चटण्या. पाकिटातल्या शेवयांचा मसाला हेच बहुतेक मीठ. मागचं लेबल बघा, एका पाकिटात सोडियम हजार मिलिग्रॅमच्या आसपास सापडेल. ते मुलाच्या दिवसभराच्या वाट्याच्या निम्मं किंवा त्याहून जास्त. शेवया करायच्याच असतील तर अर्धी पुडी टाका आणि त्यातच मूठभर मटार, एक बटाटा बारीक चिरून शिजवा.

दुपारी वडापाव एकच घ्या, सुकी चटणी नको म्हणून सांगा आणि जोडीला दोन केळी. नारळपाण्याच्या पैशांत केळ्यांची फणी येते, आणि दोन केळ्यांतून सहाशेच्या वर मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. भाजलेलं कणीस, उकडलेलं रताळं, बिनखारे शेंगदाणे, काकडी हेही चालतं, फक्त मीठ-तिखट न लावता. रात्रीसाठी कुकरमध्ये एकाच शिटीच्या खेपेत होणारी मुगाची खिचडी सोपी : दोन वाट्या तांदूळ, एक वाटी सालीची मूगडाळ, एक बटाटा, एक टोमॅटो, मूठभर पालक, एक सपाट चमचा मीठ. चौघांना पुरते, माणशी दीड ग्रॅम मीठ. पापड हवाच असेल तर एक, कारण एका पापडात अर्धा ग्रॅम जातं.

पालेभाजी उकडून पाणी टाकू नका, तांदळाची पेजही गाळून ओतू नका. पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि मोरीत जातं.

प्रश्न : आईचं क्रिएटिनिन वाढलंय. डॉक्टर केळी, नारळपाणी नको म्हणतात, आणि बाकी सगळे म्हणतात पोटॅशियम वाढवा. कोणाचं ऐकू? — नांदेड

डॉक्टरांचं. या पानावर पोटॅशियम वाढवायला जे जे सांगितलं, ते आईसाठी नाही. मीठ कमी करण्याचा भाग मात्र तिलाही लागू आहे, कमी सोडियमचं मीठ न वापरता.

तिची भाजी वेगळ्या रीतीने करा. बटाटा सोलून पातळ काप करा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून द्या, मग फोडणी द्या. नुसतं भिजत ठेवून फारसं काही निघत नाही, उकळणंच लागतं. पालेभाजीही उकळून पाणी टाकून. डाळीचं प्रमाण किती, हे तिच्या रक्ताच्या तपासणीवर ठरतं, अंदाजाने सोडू नका. अचानक हातापायांतला जोर गेला किंवा छातीत धडधड झाली तर त्याच दिवशी पोटॅशियम तपासा.

प्रश्न : मीठ कमी केल्यापासून बीपी १३० वर आलंय. गोळी बंद करू? — एक वाचक, जव्हार, जि. पालघर

नका करू. १३० हा आकडा गोळी आणि कमी मीठ, दोघांनी मिळून आणलेला आहे. मीठ कमी केल्याने डोस कमी करता येऊ शकतो, पण ते दोन-तीन महिन्यांच्या नोंदी पाहून डॉक्टर ठरवतील.

नोंदी खऱ्या असाव्या लागतात. उपकेंद्रात किंवा आरोग्य मंदिरात चालत गेलात तर आधी पाच मिनिटं टेकून शांत बसा. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, बिडी नको. मिश्री लावत असाल तर तीही नको, तिच्यातल्या निकोटिननेही बीपी चढतं. लघवी करून या. पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या उंचीवर, बाही दंडाला घट्ट करून वर सरकवलेली नको. मोजताना बोलू नका. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे तारखेसह कार्डावर लिहून घ्या. त्या दिवशीची गोळी घेतली होती की नाही, तेही आकड्याशेजारी लिहा.